टायरचा तळ, हातमागाचं कापड: सोलरेबल्सची पादत्राणं

इथिओपियातल्या सोलरेबल्स या पादत्राणं बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापक बेथलेहेम तिलाहून अलेमू यांचं नाव आफ्रिकेतल्या उद्योजक स्त्रियांबद्दलच्या लेखांत हमखास येतं. त्यांच्या बुटांच्या तळाबद्दल मात्र क्वचितच कुणी लिहितं. खरं काम तर तिथेच आहे.

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबाच्या झेनबवर्क वस्तीत त्या वाढल्या. कुष्ठरुग्णांच्या आलर्ट रुग्णालयाभोवती वसलेली ही वस्ती. हातात कला असलेले लोक पुष्कळ, पण काम द्यायला कुणी तयार नव्हतं. अकाउंटिंग शिकलेल्या बेथलेहेम यांनी २००५ मध्ये आजीच्या जागेत, मोजक्या कारागिरांना घेऊन सोलरेबल्स सुरू केलं. देणगी वाटण्याऐवजी त्यांनी रोजगार उभा केला, आणि माल विकला जाईल इतका चांगला ठेवला. यातलं दुसरं काम जास्त अवघड.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत टायरची चप्पल वापरली जायची, तशीच इथिओपियात ‘बाराबासो’. त्याच तळावर त्यांनी हातमागाचं कापड बसवलं. तिथे परंपरेने सूत कातायचं बायकांनी आणि माग चालवायचा पुरुषांनी. त्यामुळे बुटाच्या एका जोडामागे टकळीवरच्या बाईलाही काम मिळतं, ही गोष्ट फार मोलाची आहे.

आता वापराचं. टायरचं रबर चिवट असतं, लवकर झिजत नाही. पण फोमच्या तळापेक्षा ते जड आणि ताठ. टाचदुखी असेल तर आत मऊ इनसोल घालावाच लागतो. पहिले आठ-दहा दिवस घरात तासभरच घालावेत, नाहीतर करंगळीपाशी चावतात. ओल्या, गुळगुळीत फरशीवर झिजलेला तळ घसरतो, आणि फिकट फरशीवर काळे ओरखडे उठू शकतात.

टायरच्या तळाचा कुठलाही जोड घेताना दोन्ही बूट सपाट टेबलावर ठेवून टाच आणि चवडा आळीपाळीने दाबून बघा. टायर मुळात गोलाकार, त्यामुळे पट्टी नीट सपाट केली नसेल तर बूट डोलतो. दोन टायरांची जाडी वेगळी असू शकते, तेव्हा दोन्ही तळ शेजारी धरून तपासा. कडेवरून जपून बोट फिरवा: रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारा असतात, त्या नीट काढल्या नसतील तर टोचतात.

आधी निकामी होतं ते कापड, चवड्याच्या वळणाशी. ताठ तळ एकाच रेषेत वाकतो आणि सगळा ताण तिथल्या शिवणीवर येतो. हातकताईचं सूत भिजवून ठेवलं तर आटतं, रंगही सोडू शकतं. थंड पाण्यात बुडवलेल्या ब्रशने पुसायचं, आत कागद कोंबायचा आणि सावलीत वाळवायचं. कडक उन्हात चिकटवण ढिली पडते.

फेअर ट्रेडच्या, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणाऱ्या व्यापाराच्या, शिक्क्याबद्दल थोडं. जागतिक फेअर ट्रेड संघटनेचं, म्हणजे डब्ल्यूएफटीओचं, प्रमाणपत्र मिळवणारी सोलरेबल्स ही पहिली पादत्राण कंपनी. ही संघटना एखाद्या वस्तूपुरती न थांबता सगळा व्यवसाय दहा तत्त्वांवर तपासते. इथिओपियात खासगी नोकऱ्यांना लागू होणारं सरसकट किमान वेतनच नाही, त्यामुळे तिथे अशा तपासणीला खरंच वजन आहे. कारागिराच्या हातात नेमके किती पैसे पडतात हे मात्र शिक्क्यावरून कळत नाही, ते विक्रेत्याला विचारावं.

तळ सुटला तर जोड टाकून देऊ नका. मोच्याकडून दोन्ही बाजू आधी खरखरीत कागदाने घासून घ्या, कारण धुळकट रबरावर सोल्युशन धरत नाही. मग दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ हात द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं, दाबून बसवायचं आणि वरून जाड दोऱ्याची शिवण मारून घ्यायची.