रागवावं की वळवावं? घरातल्या पिल्लाबाबत माझा कौल

पिल्लू घरी येऊन आठ-दहा दिवस झाले की नव्याची नवलाई ओसरते आणि खरे प्रश्न सुरू होतात. पायजम्याचा काठ दातात, चपलेचा बंद तुटलेला, दिवाणाखाली ओलं, पाहुण्यांच्या अंगावर उड्या. अशा वेळी सल्ले दोन तऱ्हांचे येतात. काहीजण सांगतात, चूक केली की तिथल्या तिथे रागवा, म्हणजे लक्षात राहतं. काहीजण सांगतात, रागवू नका, चुकीकडून हलकेच दुसरीकडे वळवा आणि बरोबर केलं की खाऊ द्या. ज्यांना या दोन्हींतून एक निवडायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी दोन्ही करून पाहिलं आहे. सुरुवातीचे सात आठवडे रागवणं, आणि त्यानंतर आजपर्यंत वळवणं. पिल्लू एकच, घर एकच. ठमी गावठी आहे. समोरच्या बांधकामावर वॉचमनच्या खोलीमागे पाच पिल्लं झाली, त्यांतली ही. मे महिन्यात आणली तेव्हा दोन महिन्यांची होती. आम्ही नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

रागवणं म्हणजे काय ते आधी स्पष्ट करतो. मोठ्याने 'नाही' म्हणणं, जोरात टाळी, वर्तमानपत्राची गुंडाळी फरशीवर आपटणं, फार तर पाण्याचा फवारा. मी एवढंच केलं. हात उगारणं किंवा शू केलेल्या जागी नाक घासणं या तुलनेत मी धरलेलंच नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांनी नाक घासायचा सल्ला अगदी आपुलकीने दिला होता, त्यांच्या लहानपणी वाड्यात तसंच करायचे. पण दोन महिन्यांच्या जिवाला त्यातून भीतीशिवाय काही कळत नाही. आणि जनावराला मारून यातना देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे.

दातांचं प्रकरण

पिल्लाचे दुधाचे दात 28 असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे काहीतरी चावणं ही त्याची गरजच असते. त्यात गरजेचं काय आणि खोडी काय, हे पिल्लाला ठाऊक नसतं. ते आपल्यालाच ठरवून द्यावं लागतं.

इथे रागवण्याचा परिणाम लगेच दिसतो, हे मान्य करायला हवं. मी 'नाही!' ओरडलो की ठमी हात सोडायची. पण दहा सेकंदांत पुन्हा धरायची, आणि या वेळी जास्त जोराने. ओरडणं हा खेळाचाच भाग आहे असं तिला वाटत असावं. 'आई गं' असं कळवळून ओरडा, म्हणजे पिल्लाला लागल्याचं कळतं, असंही मला सांगितलं होतं. काही पिल्लं तेवढ्यावर थांबत असतील. ठमी आणखी चेकाळायची.

वळवण्यात मी दोन गोष्टी केल्या. जुन्या पंच्याची गाठ मारून, ओली करून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि हाताला दात लागले की ती तोंडात द्यायची. गारव्याने हिरड्यांना बरं वाटतं. फडक्याचे धागे सुटायला लागले की टाकून द्यायचं, गिळले तर पोटात अडकतात. ती गाठ सोडून पुन्हा हाताकडेच आली, तर काही न बोलता उठायचं, खोलीबाहेर जायचं, वीस-तीस सेकंदांनी परत यायचं. दात लागले की खेळ बंद, एवढंच. मला तीन आठवडे लागले. रागवण्याने थांबलं असतं का, हे सांगता येणार नाही, पण सात आठवड्यांत तरी थांबलं नव्हतं.

एक गोष्ट या दोन्ही पद्धतींच्या बाहेरची आहे, पण सांगायला हवी. रोज संध्याकाळी सात-साडेसातला ठमीच्या अंगात यायचं. घरभर धावायची, घोटे चावायची, काही ऐकायची नाही. आम्हाला वाटायचं तिला आणखी खेळवलं पाहिजे. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात झोपते किती? मोजलं तर जेमतेम बारा तास. या वयाच्या पिल्लाला अठरा ते वीस तास झोप लागते. दुपारी पडदे ओढून, तिची जागा जाळीने बंद करून, मुलांना तिच्याजवळ जाऊ न देता दोन तास झोपवायला लागलो आणि संध्याकाळचा धिंगाणा आठवड्यात निम्म्यावर आला. दमलेल्या पिल्लाला रागवूनही उपयोग नाही आणि वळवूनही नाही.

ज्या कारणाने माझा निर्णय झाला

चावणं, चपला, उड्या या बाबतीत मी कदाचित दोन्ही पद्धती आलटून-पालटून वापरत राहिलो असतो. पुष्कळ घरांत तसंच चालतं. निर्णय झाला तो शूवरून.

लसी पूर्ण होईपर्यंत तिला खाली न्यायचं नव्हतं, म्हणून गॅलरीत घमेल्यात माती भरून ठेवली होती. सुरुवातीला कधी घमेल्यात, कधी फरशीवर. फरशीवर करताना दिसली की मी टाळी वाजवून 'नाही!' म्हणायचो आणि उचलून घमेल्यात ठेवायचो. घमेल्यात गेल्यावर ती नुसती उभी राहायची. मला वाटायचं, समजतंय हळूहळू. फरशीवरच्या घटना कमी झाल्या, तेव्हा तर पद्धत लागू पडली असंच वाटलं. मग जूनच्या शेवटी केर काढताना पत्नीने दिवाण सरकवला. भिंतीच्या कडेने सगळं डागाळलेलं होतं. ठमीने घरात शू करणं थांबवलंच नव्हतं, आमच्या नजरेआड जाऊन करायला लागली होती.

तरीही मला पूर्ण उमगलं नव्हतं. ते जुलैत उमगलं. लसी झाल्या, डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं आणि मी तिला पट्टा लावून खाली न्यायला लागलो. पावसाची रिपरिप, एका हातात छत्री, दुसऱ्यात पट्टा. सोसायटीच्या पेरूच्या झाडाखाली मी वीस मिनिटं, कधी चाळीस मिनिटं उभा. ठमी माती हुंगायची, गोल फिरायची, बसायला आल्यासारखी करायची, मग माझ्याकडे बघायची आणि थांबायची. शेवटी तीन मजले चढून वर यायचं, पट्टा काढायचा, आणि मी पाय पुसेपर्यंत ती कपाटामागे जाऊन मोकळी झालेली असायची. हे एकदा-दोनदा नाही, जवळजवळ अकरा दिवस चाललं.

मी शिकवायला निघालो होतो 'घरात करू नकोस'. ती शिकली होती 'या माणसासमोर करू नकोस'. तिच्या बाजूने पाहिलं तर तिचंच बरोबर होतं. जेव्हा जेव्हा टाळी वाजली, तेव्हा समोर मी होतो. फरशी आणि माती हा फरक तिला कोणी दाखवलाच नव्हता. आणि पट्टा लावून खाली नेल्यावर माझ्यापासून लपायला तिला जागाच नव्हती. चिडचिड माझी व्हायची, पण पोट आवळून चाळीस मिनिटं उभं राहायचं ते तिला.

त्याच सुमारास तिच्या चेहऱ्याबद्दलचा माझा एक गैरसमजही गेला. मी कामावरून आलो आणि कुठे ओलं दिसलं की ती कान पाडून, नजर चुकवून, शेपूट आत घेऊन बसायची. 'बघ, हिला चूक कळते,' असं आम्ही घरात म्हणायचो. 2009 मध्ये अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने 14 पाळीव कुत्र्यांवर नेमकं हेच तपासलं होतं. कुत्र्याने खरोखर खाऊ चोरला की नाही, याचा त्या अपराधी चेहऱ्याशी संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा, निर्दोष कुत्र्यांच्याही तोंडावर दिसायचा. ठमीला चूक कळत नव्हती, माझा सूर कळत होता. हे वाचलं त्या संध्याकाळी मला तिच्याकडे बघवेना.

वळवण्याची कटकटही सांगतो

वळवणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. खिशात सतत खाऊ लागतो. आमच्याकडे उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे असतात, श्रावणात पनीर किंवा उकडलेलं रताळं. बेदाणे-मनुका आणि कांदा घातलेलं काहीही अजिबात नको, कुत्र्यांना ते विषारी आहे. खाऊ एक-दोन सेकंदांत तोंडात गेला पाहिजे. मी सुरुवातीला शू झाल्यावर वर आणून घरात खाऊ द्यायचो, तेव्हा तिच्या लेखी तो जिना चढल्याचा खाऊ होता.

दुसरं म्हणजे घड्याळ पाहावं लागतं. पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास, फार तर एखादा तास जास्त, एवढाच त्याला धीर असतो असा ढोबळ हिशेब आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ थांबल्यावर लगेच न्यायचं. ज्या घरात दिवसभर कोणीच नसतं तिथे हे जड जाईल, आणि तिथे कोणी वैतागून ओरडलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

तिसरं, आणि मला सर्वांत कठीण गेलेलं, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकसारखं वागणं. ठमी उडी मारते तेव्हा तोंड फिरवून उभं राहायचं, चारही पाय जमिनीवर आले की कुरवाळायचं, असं ठरलं होतं. पण आईला तिची उडी आवडायची. 'येऊ दे रे, लेकरूच आहे ते,' म्हणून ती पदराआडून पोळीचा तुकडा द्यायची. दहापैकी एका उडीला पोळी मिळत असेल तर पिल्लू उरलेल्या नऊ मारणारच. शेवटी आईला मी एवढंच म्हटलं, 'पोळी तूच दे, फक्त ती खाली बसल्यावर दे.' आता ठमी सगळ्यांत छान बसते ती आईसमोर.

दुर्लक्ष करण्याबाबत एक सावधगिरी. बेल वाजल्यावरचं किंवा ताटाजवळचं भुंकणं दुर्लक्षाने घालवायचं ठरवलंत, तर आधी चार-सहा दिवस ते वाढतं. जे आजवर चालत होतं ते चालेनासं झालं की पिल्लू जास्त जोर लावून बघतं. तिथे हार मानून पोळी टाकली, तर ते जास्त जोर लावायलाच शिकतं.

रागवण्याला जागा कुठे

आहे. ठमीने एकदा चालू चार्जरची वायर धरली, तेव्हा मी खाऊ शोधत बसलो नाही, जोरात ओरडलो आणि तिने सोडली. जिवावरचं असेल तिथे कोणीही हेच करावं. फक्त तो आवाज रोज चपलांवर खर्च केला असेल, तर वायरीच्या वेळी त्याला किंमत उरत नाही. त्याच रात्री वायरी दिवाणामागून वर बांधून टाकल्या, चपलांना दार असलेलं कपाट केलं. त्या दिवशी जेवढी भांडणं मिटली, तेवढी दोन महिन्यांच्या 'नाही'ने मिटली नव्हती.

पिल्लू पिल्लूही वेगळं असतं. धीट लॅब्रॅडॉरला माझ्या टाळीने काही वाटलं नसतं, भित्रं पिल्लू त्याहून लवकर बिथरलं असतं. 2020 मध्ये पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात शिक्षेवर भर देणाऱ्या प्रशिक्षणशाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली होती. पण मला पटवलं ते पेरूच्या झाडाखालच्या अकरा दिवसांनी, अभ्यास मी नंतर वाचला.

आधीच रागावून झालं असेल तर

तुमच्याकडेही दिवाणामागे डाग सापडत असतील, तर ते मोडता येतं. आधी त्या जागा धुऊन काढा. वास राहिला की पिल्लू तिथेच परततं. मी कोमट पाणी आणि व्हिनेगर वापरलं, फिनेल बंद केलं, कारण ओल्या फरशीवर फिरून पिल्लू तेच पंजे चाटतं. कोपऱ्यांची वाट अडवा. खाली नेताना आखूड पट्ट्याऐवजी दहा-बारा फुटांची सुती दोरी लावा, पाठ थोडी वळवून उभे राहा, तिच्याकडे टक लावून पाहू नका, मोबाइलही काढू नका. झाली की संपेपर्यंत थांबा, मध्येच कौतुक केलं तर अर्धीच राहते. मग तिथेच, झाडाखालीच, खाऊ.

आणि वर आल्याबरोबर पट्टा सोडू नका. खाली झाली नसेल तर दहा मिनिटं तिला शेजारी बांधून ठेवा आणि पुन्हा खाली न्या. जिने चढून-उतरून माझे गुडघे भरून यायचे. दोरी लावल्यापासून पाचव्या दिवशी, सकाळी सहाच्या सुमारास, ती दोरीच्या टोकाला जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. मी हललो नाही. खाऊ दिला तेव्हा हात ओला होता, चिकन भिजलेलं होतं. पुढचे तीन आठवडे दोरी रोज थोडी आखूड करत गेलो. आता ती माझ्या पायाशीच बसते.