मागच्या वाऱ्याचा वर्ग: संभाजीनगरचा कूलर आणि मुंबईचा समुद्र

शिडाच्या बोटीवर जोराचा वारा पाठीशी घेऊन सुरक्षित कसे जावे, या एकाच विषयाला वाहिलेला वर्ग मराठवाड्यात भरतो आहे, हे कळल्यावर मला आधी विश्वास बसला नाही. मी जालन्याचा, शाळेत विज्ञान शिकवतो, आणि दोन वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन शिडाच्या बोटीचा प्राथमिक वर्ग पूर्ण केला आहे. हा पुढचा वर्ग तशाच लोकांसाठी होता. दोन संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरात तास आणि नंतर दोन दिवस मुंबईच्या समुद्रावर २४ फुटी बोटीवर सराव, अशी त्याची रचना होती. शुल्क साडेचौदा हजार रुपये, प्रवास आणि राहणे आपले आपण. आम्ही आठ जण होतो: लातूर, नांदेड, जालना आणि संभाजीनगर इथले.

संभाजीनगरच्या तासांबद्दल मोकळेपणाने चांगले लिहावे असेच ते झाले. शिकवणारे सर निवृत्त खलाशी, मराठीत शिकवणारे, आणि फळ्यापेक्षा वस्तूंवर भर देणारे. मे महिन्याचे दिवस असल्यामुळे खोलीत मोठा कूलर चालू होता, तोच त्यांनी वारा म्हणून वापरला. हातभर लांबीची लाकडी बोट, तिला रुमालाचे शीड आणि बूम, म्हणजे शिडाची खालची कड ताणून धरणारा आडवा दांडा, म्हणून बांबूची काडी. बोट कूलरकडे पाठ करून धरली, सुकाणू किंचित चुकीच्या बाजूला वळवले, आणि रुमालाच्या मागच्या कडेत वारा शिरताच काडी झटक्यात दुसऱ्या बाजूला गेली. ती काडी त्यांनी आमच्यापैकी एकाच्या बोटावर आपटू दिली. वारा मागून असताना शीड आणि बूम एका बाजूकडून दुसरीकडे जाणे म्हणजे जाइब; ती नकळत झाली तर काय होते, हे त्यानंतर कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

या विषयाचा गाभा त्यांनी ज्या प्रश्नातून मांडला, तो मी माझ्या वर्गातही वापरणार आहे. पैठणहून मोटारसायकलवर येताना वारा पाठीमागून असेल तर अंगाला वारा लागतो का, असे त्यांनी विचारले. फारसा लागत नाही. पण गाडी वळवून परत पैठणकडे निघालो की तोच वारा छातीवर आदळतो. बोटीवर हाच हिशेब आकड्यांत मांडता येतो. खरा वारा २० नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटरचा असेल आणि बोट त्याच दिशेने ६ नॉटने पळत असेल, तर डेकवर उभ्या माणसाला फक्त १४ नॉट जाणवतात. ऊन असते, बोट सरळ असते, सगळे शांत वाटते. तीच बोट काही कारणाने वाऱ्याकडे वळवावी लागली, तर अंगावर २४ नॉटच्या आसपास वारा येतो; आणि शिडावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढत असल्याने तो जवळजवळ तिप्पट होतो. समजा कोणी पाण्यात पडला. त्याला उचलण्यासाठी परत फिरायचे, तर ज्या शिडाखाली आपण निवांत बसलो होतो, तेच शीड त्या क्षणी आवरेनासे होते. म्हणून शीड रीफ करायचे, म्हणजे त्याचा खालचा भाग गुंडाळून क्षेत्रफळ कमी करायचे, ते वाऱ्याला पाठ दाखवण्याच्या आधी, हे सरांनी दोन संध्याकाळी मिळून दहा वेळा तरी सांगितले असेल. ते दहा वेळा सांगण्यासारखेच आहे, कारण मागून वारा असताना गरज जाणवत नाही आणि जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरा मुद्दा कोनाचा. वारा अगदी नेमका पाठीमागून घेतला, तर हातातले सुकाणू थोडे हलले तरी वारा शिडाच्या उलट बाजूला शिरतो. त्याऐवजी २० अंश तिरपे जावे, असे सरांचे म्हणणे. अंतर जेमतेम ६ टक्क्यांनी वाढते आणि चुकीला जागा मिळते. हा हिशेब मी घरी येऊन करून पाहिला, तो बरोबर आहे.

बोट मुरडून आडवी होण्याचा, म्हणजे ब्रोच होण्याचा भाग मात्र घाईत उरकला गेला. मागून आलेली लाट बोटीची मागची बाजू उचलते, बोट कलते, सुकाण्याचा काही भाग पाण्याबाहेर येतो आणि बोट आपणहून वाऱ्याकडे तोंड फिरवते, एवढे सांगून सर पुढे गेले. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ‘म्हादेई’ या ५६ फुटी बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा दक्षिणेच्या महासागरात पश्चिमेचे वारे आणि डोंगराएवढ्या लाटा आठवडेच्या आठवडे त्यांच्या पाठीशी होत्या. त्या प्रवासांच्या आधाराने हा विषय फार छान उलगडता आला असता. मुंबई बंदराच्या आतल्या पाण्यात तशा लाटा नसतात, त्यामुळे सरावातही तो पाहता आला नाही.

देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आम्ही मुंबईला पोहोचलो. पहिला दिवस उत्तम गेला. दुपारनंतर वारा १८ नॉटपर्यंत चढला, आम्ही आधीच रीफ केले होते आणि प्रत्येकाने ठरवून सहा-सहा जाइब केल्या. बूम आधी मेनशीटने, म्हणजे ती आवरणाऱ्या दोराने, ओढून मध्यावर आणायची, सुकाणू हळू फिरवायचे, आणि शिडाने बाजू बदलताच दोर भराभर सोडायचा. चुकून बूम फिरू नये म्हणून प्रिव्हेंटर बांधायलाही आम्ही शिकलो. हा दोर बूमच्या टोकाला बांधून बोटीच्या नाकापर्यंत नेतात आणि तिथून परत बसण्याच्या जागेपर्यंत आणतात, म्हणजे तो सोडायला पुढे जावे लागत नाही. तो बूमच्या मध्यावर बांधला तर झटक्यात बूमच मोडू शकते, हे सरांनी बोट ठेवून दाखवले.

दुसऱ्या दिवशी सर दुसऱ्या बोटीवर होते आणि आमच्याकडे वेगळे प्रशिक्षक आले. माझी तक्रार इथून सुरू होते. सकाळी दाखवण्यासाठी सोडलेला प्रिव्हेंटर पुन्हा बांधला गेला नाही, आणि वारा २० नॉटच्या वर गेला. सुकाण्यावर नांदेडचा तरुण होता. त्याची बोट थोडी जास्त वळली; डोलकाठीच्या आधाराच्या तारेला बांधलेली लोकरीची लाल दोरी उलटी फडफडू लागली, म्हणजे वारा शिडाच्या उलट बाजूला शिरत होता, हे मी पाहिले. वर्गात आम्ही ‘डोकं खाली’ या दोन शब्दांवर सराव केला होता. प्रशिक्षकांनी हुकूम दिला तो इंग्रजीत, वेगळ्या शब्दांत, आणि दोन जण अर्थ लावत उभेच राहिले. बूम त्यांच्या टोप्या उडवून गेली, वीतभर खाली असती तर डोकी फुटली असती. मेनशीटचा दोर माझ्या हातातून सुटताना तळव्याची कातडी घेऊन गेला. हातमोजे कोणालाच दिले नव्हते.

प्रशिक्षकांचे कौशल्य मी नाकारत नाही. त्यांनी पुढच्या अर्ध्या मिनिटात बोट सावरली, प्रिव्हेंटर बांधून घेतला आणि त्या तरुणालाच पुन्हा सुकाण्यावर बसवले, जे अगदी योग्य होते. पण वर्ग मराठीत घ्यायचा आणि जिथे क्षणाला किंमत आहे तिथे हुकमांची भाषा बदलायची, ही चूक आयोजकांची आहे. ज्यांनी समुद्र दोनदाच पाहिला आहे अशा माणसांना तर ती फारच महागात पडू शकते. मी हे त्यांना लेखी कळवले. पुढच्या तुकडीपासून दोन्ही बोटींवर एकच शब्द वापरले जातील आणि हातमोजे शुल्कातच मिळतील, असे उत्तर आठ दिवसांत आले.

त्या उत्तराच्या भरवशावर मी माझ्या पुतण्याचे नाव नोव्हेंबरच्या तुकडीत नोंदवले आहे. प्राथमिक वर्ग झाला असेल, तर संभाजीनगरच्या त्या दोन संध्याकाळींसाठी तरी कोणीही हे पैसे खर्च करावेत, असे माझे मत आहे. समुद्रावर गेल्यावर मात्र बोट धक्क्यावरून सुटण्याआधी दोन गोष्टी स्वतः विचारून घ्याव्यात: प्रिव्हेंटर बांधला आहे का, आणि बूम फिरताना तुम्ही नेमके कोणते शब्द ओरडणार आहात.