'ओव्हरराइड 2'मधला अल्ट्रामॅन: मोठं शरीर, चार बटणं आणि वजनाचा प्रश्न

दुसऱ्याचं पात्र परवाना घेऊन आपल्या गेममध्ये आणायचं, तर सगळ्यात आधी आकार आडवा येतो. मोडस गेम्सच्या 'ओव्हरराइड 2: सुपर मेक लीग' (डिसेंबर 2020) या गेमच्या अल्ट्रामॅन डीलक्स आवृत्तीत येणारा अल्ट्रामॅन हा जपानी सुपरहिरो 2019 साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ॲनिमेतला, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेतला आहे. तिथे शिनजिरो हायाता अंगावर चढवतो तो सूट माणसाच्याच उंचीचा. 1966 च्या मूळ मालिकेतला अल्ट्रामॅन मात्र 40 मीटर उंच. गेमने चिलखत नव्या मालिकेतलं घेतलं आणि त्याला उभं केलं महाकाय रोबोंच्या शेजारी. ॲनिमेच्या काटेकोर चाहत्यांना हे खटकेल, पण मेका म्हणजे महाकाय रोबोंच्या फायटिंगसाठी निर्णय अगदी बरोबर आहे. माणसाएवढा लढवय्या इथे ठेवला असता तर कॅमेरा कोणाला धरून चालवायचा, इथूनच सगळं कोसळलं असतं.

मूळ गेममध्ये 20 रोबो आहेत. डीलक्स आवृत्तीत त्यांत चौघांची भर पडते: अल्ट्रामॅन, बेम्युलर, डॅन आणि ब्लॅक किंग. निवड विचारपूर्वक झाली आहे, कारण चारही छायाकृती एकमेकींपासून लांबूनच वेगळ्या ओळखू येतात. अल्ट्रामॅन सडपातळ, डॅन तलवारवाला, बेम्युलर गडद आणि टोकदार, तर ब्लॅक किंग म्हणजे शिंग-शेपटीचा कैजू, महाकाय राक्षस. चार जण एकाच रिंगणात भिडले की रंग ओळखू येत नाहीत, बाह्यरेषाच ओळखू येते. असं पात्र निवडताना त्याला फक्त काळ्या छायेत पाहावं. दोन छाया सारख्या दिसल्या तर त्यातलं एक पात्र बदलावं.

नियंत्रणाची मांडणी हा या गेमचा सगळ्यात भक्कम भाग. दोन्ही हात आणि दोन्ही पाय कंट्रोलरच्या खांद्यावरच्या चार बटणांवर आहेत. वरची दोन ठोशांची, खालची दोन लाथांची. ही नुसती हौस नव्हे. मोकळ्या त्रिमितीय रिंगणात उजवा अंगठा सतत कॅमेऱ्याच्या स्टिकवर लागतो. हल्ले समोरच्या बटणांवर ठेवले असते तर प्रत्येक ठोशासाठी अंगठा उचलावा लागला असता आणि नेमक्या त्याच क्षणी प्रतिस्पर्धी नजरेआड झाला असता. अडचण निघते ती खालच्या ट्रिगरची. त्यांचा प्रवास लांब असतो, म्हणून लाथ ठोशापेक्षा किंचित उशिरा निघाल्यासारखी वाटते. सवय होईपर्यंत लाथेने सुरुवात करण्याऐवजी ठोशाने सुरू करून लाथेवर संपवणं सोपं जातं.

आता वजन. सूटमधल्या माणसाला महाकाय भासवायला जपानी तोकुसात्सु (स्पेशल इफेक्टच्या) तंत्रात चित्रण जास्त वेगाने करून नेहमीच्या वेगाने दाखवतात. हिशोब वर्गमुळाचा आहे: 1.8 मीटरचा माणूस 40 मीटरचा दिसायला हवा तर प्रमाण साधारण 22 पट, आणि हालचाल सुमारे 4.7 पट संथ व्हायला हवी. पडद्यावर हे सुंदर दिसतं. हातात कंट्रोलर असताना मात्र जीव घेतं, कारण बटण दाबल्यावर अर्धा सेकंद काही घडलंच नाही तर खेळणारा तेच बटण पुन्हा दाबतो. पडद्यावर सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, धरली तर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची. ठोसा 12 फ्रेममध्ये, म्हणजे 200 मिलिसेकंदांत, लागला तर हात लगेच ऐकतोय असं वाटतं. म्हणून संथपणा ठोशाच्या आधी नको, नंतर हवा. हल्ला झटकन निघावा, लागल्या क्षणी दोन्ही शरीरं काही फ्रेम गोठावीत, आणि हात मागे घ्यायला भरपूर वेळ लागावा. वजनही जाणवतं आणि चुकलेल्या हल्ल्याची शिक्षाही मिळते.

या कसोटीवर ब्लॅक किंग सगळ्यांत चांगला उतरतो, कारण जाडजूड शरीराचा संथपणा डोळा सहज मान्य करतो. अल्ट्रामॅनच्या बाबतीत मन थोडं खट्टू होतं. शरीर सडपातळ, चाल चपळ, त्यामुळे अवाढव्य धातूचा भार कमी जाणवतो. स्पेसियम किरण या त्याच्या ओळखीच्या हल्ल्याची, हात एकमेकांवर आडवे धरण्याची मुद्रा त्याची भरपाई करते. परवान्याचं पात्र ओळखीचं वाटतं ते अशाच एखाद्या मुद्रेमुळे, आणि हल्ल्याआधीचा थांबा तिच्यातच लपवता येतो. समोरच्याला इशारा मिळतो, चाहत्याला आनंद, पात्रांचा तोल राखणाऱ्या रचनाकाराला वेळ.

कथा मात्र नाहीच. लीगमध्ये उतरायचं, सामने जिंकायचे, वर चढायचं, एवढंच. ॲनिमेत शिनजिरो आणि बेम्युलर यांच्यात जो ताण आहे, त्याचा इथे मागमूस नाही. दोघांमध्ये पाच-सहा संवाद आणि सामन्याआधीचा एखादा खास प्रवेश ठेवला असता तरी क्रॉसओव्हर, म्हणजे दोन जगांची भेट, या शब्दाला न्याय मिळाला असता. ही सगळ्यात मोठी उणीव.

चौघांच्या लढतीत तोल कसा राखावा, हे 'गंडम एक्स्ट्रीम व्हर्सेस मॅक्सी बूस्ट ऑन' या रोबोंच्याच लढाऊ गेमकडून (पीएस4 वर 2020) शिकण्यासारखं आहे. तिथे दोन विरुद्ध दोन लढत असते, प्रत्येक यंत्राची किंमत 1500, 2000, 2500 किंवा 3000, आणि संघाकडे एकूण 6000. बलवान यंत्र पडलं की जास्त किंमत वजा होते. त्यामुळे लोकप्रिय पात्र मुद्दाम दुबळं करावं लागत नाही. 'ओव्हरराइड 2'मध्ये असा हिशोब नाही, म्हणून लांब पल्ल्याचा हल्ला असलेलं पात्र चौघांच्या धुमश्चक्रीत कडेला उभं राहून फुकटचं नुकसान करत राहतं. एकास एक सामना जास्त निकोप वाटतो तो यामुळे.

ऑनलाइन खेळाडू मिळाले नाहीत तर जागा बॉट, म्हणजे संगणक चालवतो ते खेळाडू, भरतात, आणि बॉटसमोर अल्ट्रामॅनची खरी परीक्षा होत नाही. शिवाय नेटवर्कचा 100 मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे सहा फ्रेम. 12 फ्रेमचा ठोसा पाहून अडवायला उरतात सहाच. एका खोलीत दोन ते चार जण कंट्रोलर घेऊन बसणार असतील तरच हा गेम घ्यावा.

घेणार असाल तर डीलक्स आवृत्तीच घ्या, आणि अल्ट्रामॅनची चारही पात्रं लगेच डाउनलोड करून ठेवा. परवान्याचे गेम दुकानातून काढले जातात; 'ट्रान्सफॉर्मर्स: डिव्हास्टेशन' 2015 ला आला आणि 2017 च्या अखेरीस डिजिटल विक्रीतून गेलासुद्धा.