ओम्नीतला फ्रिज आणि लिथियम बॅटरी: दिवाळी ते पावसाळा, सोलापूरच्या उन्हातला अनुभव

मे महिन्यात हे लिहायला घेतलं तेव्हा पहिलं वाक्य होतं, 'ही बॅटरी घेऊ नका.' जूनमध्ये मत बदललं. तरीही रागाचा भाग काढलेला नाही, कारण तो राग बॅटरीवर कमी आणि विकणाऱ्यावर जास्त होता, आणि विकणाऱ्यावरचा अजून तसाच आहे.

सेटअप थोडक्यात सांगतो. गाडी सेकंडहँड पाच सीटर मारुती ओम्नी. 100 अँपिअर-अवरची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी, ऑल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) गाडी चालू असताना ती भरणारा डीसी-डीसी चार्जर, घडीचं 100 वॉटचं सोलर पॅनल आणि 12 व्होल्टवर चालणारा 30 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज. मागची सीट दुमडली की वर प्लायवूडची फळी बसते, तिच्यावर गादी, खिडक्यांना सोलापुरी चादरीचे पडदे. कुठंही वेल्डिंग नाही, पत्र्याला एक भोक नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये दिला, तेव्हापासून मी याबाबत फार जपून असतो. सगळं पट्ट्यांनी आवळलेलं आहे, पासिंगच्या वेळी सुटून बाहेर येतं.

फ्रिज चैनीसाठी घेतलेला नाही. बाबांना इन्सुलिन लागतं. त्याची न उघडलेली इंजेक्शनची पेनं 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात आणि उघडलेलं पेनसुद्धा आपल्याकडच्या एप्रिलमध्ये नुसत्या पिशवीत ठेवून चालत नाही. बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि बर्फाला चिकटून गोठलं, तरी ते वाया. या एका कारणामुळे आम्ही कित्येक वर्षं मुक्कामी फिरणंच सोडलं होतं. बाबांना घरी ठेवून जायचं नाही, असं मी आणि बायकोनं ठरवलेलं. त्यामुळे दिवाळीत फ्रिज गाडीत बसला, पडद्यावर 4 अंश दिसले, तेव्हा आम्हा तिघांना झालेला आनंद आकड्यांत सांगता येणार नाही.

हिवाळा अप्रतिम गेला. मोहोळजवळ मित्राच्या शेतावर हुरड्याला गेलो आणि रात्री तिथंच गाडीत झोपलो. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर पहाटे उठून बाबांनी संगमेश्वर मंदिरातला शके 940 चा मराठी शिलालेख बोट फिरवून वाचायचा प्रयत्न केला. कुरनूर धरणाच्या काठावर दोन रात्री राहिलो, फ्रिजमध्ये दही, दूध, इन्सुलिन. बाहेर कडक भाकरी आणि शेंगाचटणी, त्यांना फ्रिजची गरज नाही. बॅटरीकडं कुणी बघतही नव्हतं. साध्या लेड-अॅसिड बॅटरीची निम्मीच वीज वापरायची असते, नाहीतर ती लवकर मरते. ही जवळजवळ पूर्ण वापरता येते, म्हणजे साधारण 1200 वॉट-अवर, आणि वजन निम्म्याहूनही कमी. जानेवारीत कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

एप्रिलमध्ये विजापूरला गेलो. इथून शंभरेक किलोमीटर, रस्ता उत्तम. गोल घुमटाच्या जाड भिंतींच्या आत गारवा होता, बाबा तिथं तासभर बसले. गाडी बाहेर उन्हात. परत आलो, इंजिन चालू केलं, तर चार्जरचा हिरवा दिवा लागेना. वाटलं फ्यूज गेला. फ्यूज ठीक. तारा ठीक. फ्रिज मात्र चालू होता, बॅटरी वीज देत होती, घेत नव्हती. त्या उन्हात फ्रिजचा कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही. रात्री मुक्कामी दिवा लागलेला दिसला, पण गाडी उभी, भरायला ऊन नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच आणि संध्याकाळी फ्रिज बंद पडला. रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला, थर्मासमध्ये टॉवेलच्या घडीत गुंडाळून पेनं ठेवली आणि थेट घर गाठलं. त्यातली दोन पेनं मी टाकून दिली. इन्सुलिन बाहेरून बघून खराब झालंय की नाही ते कळत नाही, आणि बाबांच्या बाबतीत मी अंदाजावर चालणार नाही.

आता सर्व्हिस. दुकान पुण्याचं, बसवूनही त्यांनीच दिलेलं. लिथियम बॅटरी कुरियरवाले घेत नाहीत, म्हणजे वॉरंटीसाठी अडीचशे किलोमीटर आपणच जायचं. पहाटे चारला निघालो, नऊच्या सुमारास पोचलो. त्यांच्या मुलानं चार्जर लावला, दिवा लागला, बॅटरी भरायला लागली. 'सर, काहीच प्रॉब्लेम नाही.' वर तपासणीचे 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 590 रुपये. वॉरंटीतली वस्तू, दोष आमचा नाही, आणि 590 रुपये! मी वाद घातला, 'फॉल्ट सापडला नाही तर चार्ज लागतो' हे छापलेलं वाक्य दाखवलं गेलं. पैसे दिले. परतीला भिगवणपर्यंत दिवा होता, टेंभुर्णीच्या पुढं गेला. तिथूनच फोन केला, तर उत्तर आलं, 'आमच्याकडे तर व्यवस्थित चालली, सर.' पेट्रोल, टोल, दिवस, आणि वर 590. मे महिन्यातलं ते पहिलं वाक्य या फोननंतरचं आहे.

सोलापुरात ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक तरुण आहे, अक्कलकोट रोडला. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याच्याकडं गेलो, भर दुपारी. त्यानं मीटर काढलाच नाही. बॅटरीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "काका, काय झालं नाही बॅटरीला. ऊन लागलंय तिला. हात लावून बघा की."

मग त्यानं थर्मामीटरची तार बॅटरीच्या कवचाला चिकटवली: 51 अंश. या बॅटऱ्यांच्या आत एक सर्किट असतं, बीएमएस म्हणतात. सेलचं तापमान ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ते चार्जिंग तोडतं, वीज देणं मात्र 60 अंशांपर्यंत चालू राहतं. माझ्या बॅटरीची चार्जिंगची मर्यादा 45 अंश. पुन्हा चालू व्हायला तापमान बरंच खाली यावं लागतं, म्हणून संध्याकाळपर्यंत दिवा लागत नव्हता. पुण्यात पहाटेच्या गारव्यातून आलेली बॅटरी नऊ वाजता निरोगीच दिसणार.

आणि बॅटरी बसवली होती कुठं? ड्रायव्हर सीटच्या मागं, खाली पत्र्याला टेकून. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, हे ज्यानं ओम्नी एकदा उघडली त्याला माहीत असतं. वरून सोलापूरचं ऊन, बाजूनं इंजिन. ही जागा दुकानानं निवडलेली, मी नव्हे. 45 अंशांचा आकडा मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. सोलापूरचा पत्ता बिलावर लिहिताना एक वाक्य तोंडी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? 42-43 अंश हे आपल्याकडं उन्हाळ्यात नेहमीचं, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातले लोकही हेच सामान घेताहेत.

यापुढचा भाग जूनमधला. त्या तरुणाच्या सल्ल्यानं बॅटरी मागच्या दाराजवळ नेली, खाली लाकडी फळी, चारही बाजूंनी बोटभर मोकळी जागा, आणि कॉम्प्युटरचा जुना 12 व्होल्टचा पंखा तिच्यावर वारा घालतो. थर्माकोलमध्ये गुंडाळायचा विचार होता, त्यानं हाणून पाडला: आतली उष्णता बाहेर पडायला पाहिजे. तार जाड आणि लांब घ्यावी लागली, फ्यूज बॅटरीजवळच. काचेला चकचकीत पडदा. पंखा, तार, मजुरी मिळून खर्च 900 रुपयांच्या आत. मेच्या शेवटच्या आठवड्यात नळदुर्गला मुद्दाम दुपारी गाडी उभी केली. बॅटरी 43 वर थांबली, दिवा टिकला. फ्रिज रात्रभर 4 अंशांवर.

सोलर पॅनलबद्दल थोडंसं. ऊन जास्त तेवढी वीज जास्त, हा समज सोडा. पॅनल तापलं की 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज कमी होते, आणि मेमध्ये आमचं पॅनल हात लावू देत नव्हतं. मी ते सकाळी सात ते अकरा लावतो, नंतर घडी. तेवढ्यात फ्रिजपुरतं बरंच काम होतं.

फ्रिजला माझे पूर्ण गुण. आवाज कमी, खडबडीत रस्त्यावर कुरकुर नाही, एकदाही दगा दिला नाही. जे बंद पडलं ते उपाशी राहून. बॅटरीही आता मी पुन्हा घेईन, मात्र चार्जिंगच्या तापमानाचा आकडा बिलावर लिहून देणाऱ्याकडूनच. ज्यांना फक्त एप्रिल-मेमध्ये फिरायचंय आणि बॅटरी इंजिनाजवळून हलवायला जागा नाही, त्यांनी साधी लेड-अॅसिड घ्यावी. जड आहे, उन्हात तिचंही आयुष्य घटतं, पण भर दुपारी भरणं थांबवत नाही. आणि बॅटरीला तारेचा थर्मामीटर लावाच, मासे पाळण्याचं सामान विकणाऱ्यांकडं सव्वाशे रुपयांत मिळतो.

दुकानाला 51 अंशांचा फोटो, मॅन्युअलचं पान आणि जागा बदलल्यानंतरचे आकडे सगळं पाठवलं. उत्तर आलं की पुढच्या खरेदीवर हजार रुपयांचं कूपन देतो. कूपन नको, 590 रुपये खात्यात जमा करा आणि ओम्नी-ईकोवाल्यांना बॅटरी इंजिनाजवळ बसवून देऊ नका, असं त्यांना लेखी कळवलंय. जमा झाले की इथं नोंद करीन.