कार्नेरोसची शार्डने : बारा बाटल्या, आठ महिने

सॅन होजेतल्या घराजवळच्या दुकानातून फेब्रुवारीत कार्नेरोसच्या शार्डने या पांढऱ्या वाइनच्या बारा बाटल्यांचे खोके उचलले, ते केवळ दहा टक्के सवलतीच्या मोहाने. गेल्या आठवड्यात नववी बाटली बिघडलेली निघाली, म्हणून हा हिशेब मांडतो आहे.

कार्नेरोस म्हणजे कॅलिफोर्नियातील नापा आणि सोनोमा या वाइनच्या प्रदेशांचे दक्षिण टोक; तिथे सॅन पाब्लो उपसागराचे धुके येते, द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांची आम्लता टिकते, हे ठाऊक असल्याने अपेक्षा मोठ्या होत्या. पहिल्या तीन बाटल्या मात्र फ्रिजमधून काढून लगेच ओतल्या, तेव्हा लाकूड आणि साडेचौदा टक्के अल्कोहोलची जळजळ यांपलीकडे काहीच लागेना. कॅलिफोर्नियाची शार्डने म्हणजे ओकच्या फळीचा काढा, हे माझे जुने मत पक्के झाले.

चौथी बाटली फोनच्या नादात अर्धा तास टेबलावर राहिली आणि ते मत मोडले. बारा अंशांच्या आसपास येताच तिला लोण्याचा वास सुटला. थेट रवीला चिकटलेल्या, नुकत्याच निघालेल्या लोण्याचा. द्राक्षातील तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंदच असतात, आणि त्या क्रियेत तयार होणारे डायअसिटाइल लोण्याच्या वासातही असते. लिंबाची साल, सफरचंद, ओकच्या पिंपातून उतरलेला व्हॅनिला हे सारे होतेच, पण पुढच्या चार बाटल्या मी लोण्यासाठीच उघडल्या. फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनच्या १९७६ मधील पॅरिसच्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी ज्या शातो माँटेलेनाच्या शार्डनेला पहिला क्रमांक दिला, ती वायनरी हे आम्लपरिवर्तन टाळते, असे एका जाणकार मित्राने सुनावले. सुनावू दे.

नवव्या बाटलीत लोणी येईना. तासभर थांबलो, पेला तळहातांत धरून ऊब दिली, घोट घोट घेत राहिलो. शेवटी आला तो भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. बुचातून टीसीए हे संयुग वाइनमध्ये उतरले की फळांचा वास दबतो, ही पुस्तकी माहिती तेव्हा आठवली. बाटली परत नेली, तर दुकानदार म्हणाला, पावती आठ महिन्यांपूर्वीची आणि बाटली अर्धी रिकामी. ती लोण्याची वाट पाहण्यात रिकामी झाली, हे त्याला कसे पटवावे?

सवलतीत जेमतेम सव्वा बाटलीचे पैसे वाचले होते, त्यांतले बहुतेक या बाटलीत गेले. माझ्याच फ्रिजने मारलेल्या पहिल्या तीन बाटल्या धरल्या, तर व्यवहार तोट्याचाच झाला.