बिनवायरची जिगसॉ : उन्हाळ्यापासून तान्ह्या पोळ्यापर्यंत

ही जिगसॉ, म्हणजे वळणावळणानं लाकूड कापायची हातातली करवत-मशीन, मी माझ्या पैशानं घेतली, हे आधी सांगतो. नुसती मशीन ७,४०० रुपयांची आणि बॅटरी-चार्जर वेगळे ६,२०० रुपयांचे. पोरानं मोबाइलवर मागवली तेव्हा आम्हा बापलेकांना वाटलं, साडेसात हजारांत काम झालं. खोकं उघडलं तर आत मशीन, एक ब्लेड, एक चावी आणि माहितीचा कागद. बॅटरी नाहीच. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं, पण ते वाचतो कोण? आठ दिवस मशीन फळीवर नुसती बसून होती. येणारा-जाणारा उचलून पाहायचा आणि विचारायचा, "चालत नाही का जी?"

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात टिनाच्या शेडमध्ये माझं सुतारकाम चालतं. चौकटी, दारं, देव्हारे असतातच. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांसाठी प्लायच्या कमानी आणि खोटे खांब करतो. पोळ्याच्या आधीचा दीड महिना मात्र फक्त लाकडी बैल. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात. पोट्टे चाकावरचे बैल ओढत घरोघर फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. बैलाची मान, वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, कुठंच सरळ रेघ नाही. जिगसॉचं खरं काम तिथंच आहे.

दहा वर्षं वायरची जिगसॉ वापरली. मशीन वाईट नव्हती, पण आमच्याकडची लाइन तिला सोसायची नाही. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज एवढं पडायचं की मशीन नुसती गुरगुरायची. मागच्या पावसाळ्यात मी तिची वायर तिच्याच ब्लेडखाली कापली, तेही चालू असताना. ठिणगी उडाली, फ्यूज गेला आणि शेजारच्या घरचा टीव्ही बंद पडल्यामुळं दोन शिव्या खाल्ल्या. तेव्हाच बिनवायरची घ्यायचं ठरवलं.

आता मशीनबद्दल. खोक्यावर २० व्होल्ट लिहिलंय आणि दुकानदार सांगतात की ही १८ वाल्यापेक्षा ताकदवान. त्यात काही अर्थ नाही. दोन्हींत लिथियमचे पाच सेल एकापुढं एक जोडलेले असतात. चालताना एकेक साधारण ३.६ व्होल्ट देतो, म्हणजे १८. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या एकेक ४ च्या वर असतो, म्हणून २०. बॅटरी तीच, मोजायची वेळ वेगळी. पाहायचं असेल तर अँपिअर-तास पाहा, बॅटरीत साठा किती ते त्यावरून कळतं. माझी ४ ची आहे, म्हणजे जेमतेम ७२ वॉट-तासांची शिदोरी. २ ची घेतली तर निम्मी, आणि ती घेऊ नका.

पहिल्या दिवशी सौ. शेडमध्ये येऊन बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे त माह्या शिलाई मशीनवानीच खाली-वर करते." बोलली ते शंभर टक्के बरोबर. १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट काउफमान नावाच्या माणसानं बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथं करवतीचं पातं बसवलं, त्यातूनच ही जिगसॉ निघाली. हे सांगितलं तर म्हणाली, "माह्या मशीनले हात लावाल त पाहा."

पहिली परीक्षा मे महिन्यात, शिवणच्या १८ मिलिमीटर फळीवर. शिवण हलकं, नरम लाकूड, बैलाच्या धडासाठी मी तेच वापरतो. नऊ इंची बैलाचा पुठ्ठ्याचा फरमा ठेवून पेन्सिल फिरवली आणि कापायला घेतलं. असा एक बैल म्हणजे साधारण साडेतीन फूट काप. एका चार्जिंगमध्ये बावीस बैल निघाले, तेविसावा पाठीवर अडकला. वायरच्या मशीननं एवढे बैल व्हायला सकाळची दुपार व्हायची. इथं अडीच तास लागले, त्यातला अर्धा वेळ फरमा फिरवण्यात गेला.

खरी गंमत वशिंड आणि मानेच्या मधल्या खोचेत आहे. तिथं ब्लेडला जवळजवळ जागच्या जागी वळावं लागतं. मशीनसोबतचं रुंद ब्लेड लावलं तर वळणावर फळी करपते, धूर निघतो आणि लाकडावर काळी रेघ उमटते. ती पॉलिश पेपरनं घासता घासता बोटं दुखतात. टी-११९-बीओ हे अरुंद ब्लेड लावलं, झोका शून्यावर आणला, गती सहापैकी चारवर ठेवली आणि मशीनला ढकलणंच सोडून दिलं. हात नुसता दिशा दाखवायला. तेव्हा खोच अशी गोल निघाली की पटाशी लावावीच लागली नाही. झोका म्हणजे बाजूच्या खटक्याचं काम. ब्लेड वर-खाली होतानाच थोडं पुढंही झेपावतं, त्यानं काप झटपट होतो पण ओबडधोबड. शून्य ते तीन असे चार टप्पे आहेत. वळणाला आणि सनमायकाला शून्य, सरळ फाडायला दोन. तीनवर मशीन बकरीसारखी उड्या मारते, मी तो टप्पा विसरलोय.

नवीन माणसानं एक लक्षात ठेवावं. जिगसॉचं साधं ब्लेड वर येताना कापतं, त्यामुळं चिपट्या उडतात त्या वरच्या बाजूला. दर्शनी बाजू खाली ठेवून मागच्या बाजूला आखायचं. नाटकाच्या कमानीवर हे विसरलो होतो. वेलबुट्टीची कड कुत्र्यानं चावल्यासारखी झाली आणि लांबीपुट्टी भरण्यात रात्र गेली. उलट्या दातांचं टी-१०१-बीआर मिळतं, त्यानं वरची बाजू साफ राहते. पण ते मशीनला वर ढकलतं, म्हणून हात जड ठेवावा लागतो.

दुसरी परीक्षा सागवानावर झाली आणि तिथं गाडी अडली. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून आलापल्लीच्या जंगलातलं सागवान गेलं, तेव्हापासून आमच्याकडं जो तो गिऱ्हाईक "आलापल्लीचंच पाहिजे" म्हणतो. मिळतं ते बहुतेक वेळा पाडलेल्या घराच्या चौकटीचं. तशाच एका दोन इंची जुन्या सागवानातून देव्हाऱ्याची कमान कापायला घेतली. मोठ्या दातांचं टी-१४४-डी ब्लेड, झोका एकवर. मशीन थांबली नाही, हे तिचं कौतुक. पण वरून रेघ बरोबर आणि खालून पाहिलं तर काप सरकलेला. गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून मोजलं. सरळ भागात एक मिलिमीटरचा फरक, वळणावर चक्क तीन. ब्लेड एकाच टोकाला धरलेलं असतं, खालचं टोक मोकळं, मग जाड लाकडात ते वाकणारच. हा दोष सगळ्याच जिगसॉचा, पण या मशीनमधला ब्लेडमागचा आधाराचा रोलर जरा ढिला आहे, त्यानं भर पडते. त्या कमानीला शेवटी रंधा आणि कानस घेऊन बसावं लागलं. बॅटरी पंधरा-सोळा फुटांतच संपली. सागवानात वाळूसारखा कण असतो, तो दातांची धार खातो. तेलकट भुसा चिकटून ब्लेड काळं पडतं ते वेगळंच. रॉकेलच्या फडक्यानं पुसलं की थोडं चालतं. त्या चौकटीत एक खिळाही दडलेला होता. टिंग असा आवाज आला आणि साठ-सत्तर रुपयांचं ब्लेड कामातून गेलं. मशीनचा काय दोष, मीच हात फिरवून पाहायला हवं होतं.

आता उन्हाबद्दल, कारण शहरातले लोक हे लिहीत नाहीत. आमच्या ब्रह्मपुरीचं नाव मे महिन्यात टीव्हीवर झळकतं, ४६-४७ अंशांसाठी. टिनाच्या शेडमध्ये त्याहून जास्त. दुपारी बॅटरी काढून चार्जरला लावली तर लाल दिवा उघडझाप करतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. मला वाटलं, बिघडली. कागद नीट वाचल्यावर कळलं की सेल गरम असताना चार्जर मुद्दाम थांबतो आणि ते बरंच आहे. मग उपाय काढला. बॅटरी पिशवीत घालून रांजणाच्या तिवईखाली ओलसर वाळूजवळ ठेवायची, पाणी लागू द्यायचं नाही. वीस मिनिटांत दिवा हिरवा. तिथं माझं दही असतं, ते सौ.नं दुसरीकडं हलवलं, त्याबद्दल वेगळं ऐकून घेतलं.

तक्रार खरी आहे ती दुसरीच. जूनच्या शेवटी चार्जर खरंच मेला. गॅरंटी होती. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला पोरगा बसनं घेऊन गेला. तिथं सांगितलं, पार्ट नाही, फोन करू. फोन आला नाही. आम्हीच सात वेळा केला. चार्जर यायला सतरा दिवस लागले, तोही टपालानं नाही, पोराला परत जावं लागलं. जाण्यायेण्याचे आणि बुडालेल्या दोन रोजाचे पैसे धरले तर नवा चार्जर स्वस्त पडला असता. पेरणीचे दिवस होते म्हणून निभावलं, हेच श्रावणात झालं असतं तर माझा हंगाम गेला असता.

बारीकसारीक गोष्टी. ब्लेड बदलायला चावी लागत नाही, पुढचा खटका वर केला की गरम ब्लेड आपोआप खाली पडतं. पायात चप्पल असेल तर सांभाळा. फुंकर मारून रेघेवरचा भुसा उडवते, ते झकास. पुढचा दिवा पांढराशुभ्र. खालची पट्टी ४५ अंशांपर्यंत कलते, पण ती कलवण्यासाठी तीच चावी लागते आणि ती माझ्याकडून दुसऱ्याच दिवशी भुशात हरवली. वजन बॅटरीसकट अडीच किलोच्या आसपास वाटतं, दिवसभर धरलं की मनगटाला मुंग्या येतात. थरथर जुन्या मशीनपेक्षा कमी.

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्रीचं सांगतो. सत्तेचाळीस बैलांची ऑर्डर, तीन बाकी, पावसानं साडेआठलाच लाइन गेलेली. एक पोरगं टॉर्च घेऊन शेडच्या दाराशी उभं. "काका, माहा बैल झाला का? मोठा पायजे हं." त्याच्या बापानं दोन दिवसांआधीच पैसे दिलेले. बॅटरीवर एकच ठिपका उरलेला. मशीनच्या दिव्यात रेघ स्पष्ट दिसत होती, त्या उजेडातच कापलं. दोन बैल पूर्ण निघाले. तिसऱ्याच्या मागच्या पायाशी मशीन थांबली. पुढचं हातआरीनं केलं, पोरगं टॉर्च धरून. वायरची मशीन असती तर तिन्ही राहिले असते.

तर, घ्यावी का? बैल, कमानी, सनमायका, प्लाय, दीड इंचापर्यंतचं नरम लाकूड, शेतावर किंवा लाइन नसलेल्या घरी जाऊन करायचं काम, यासाठी घ्या. चौकटी आणि जाड सागवान हेच तुमचं काम असेल तर हे पैसे चांगल्या वायरच्या मशीनमध्ये घाला, नाहीतर आरागिरणीवर जा. सोबतचं ब्लेड फेकून द्या, पहिल्या दिवशीच टी-११९-बीओ आणि टी-१४४-डीची पाच-पाचची पाकिटं आणा. आणि एकाच बॅटरीवर विसंबू नका. माझी दुसरी काल मागवलीय, या वेळी खोक्यावरचं बारीक अक्षर पोराकडून मोठ्यानं वाचून घेतलं.