तलंगा म्हणून घेतल्या, निघाल्या काढून टाकलेल्या लेअर

गेल्या थंडीत आम्ही नाशिकमधल्या म्हसरूळच्या घरामागे दहा कोंबड्या आणल्या. कोंबड्यांचे साडेसहा हजार गेले, वर टॉनिकचे बाराशे. पैशांपेक्षा जास्त लागलं ते तीन मुक्या जिवांचं मरण. ज्याने फसवलं त्याचा धंदा चालूच आहे, म्हणून झालं ते सगळं सांगते.

मोबाईलवर जाहिरात दिसली होती. 'शुद्ध गावरान तलंगा, पाच महिन्यांच्या, पंधरा दिवसांत अंड्यावर, लसीकरण पूर्ण, घरपोच.' तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. नगाला साडेसहाशे. घरामागे बारा बाय दहाची मोकळी जागा होती, मुलांना घरचं अंडं मिळावं एवढीच इच्छा. यांनी दोन रविवार खपून खुराडं बांधलं, आत बसायला आडवी दांडी लावली, खाली भाताचं तूस पसरलं. कोंबडा मुद्दाम घेतला नाही, पहाटेच्या आरवण्याने शेजाऱ्यांना त्रास नको.

माल यायची वेळ ठरली रात्री नऊची. "ताई, दिवसा कोंबड्या बिथरतात, अंधारात शांत राहतात," असं विकणारा म्हणाला. यात खोटं काही नाही, अंधारात कोंबडी खरंच गप्प बसते. पण अंधारात तिची चोच आणि पायही दिसत नाहीत, हे आम्हाला सुचलं नाही. पोर्चच्या दिव्याखाली दहा नग मोजले, फोनवरून पैसे पाठवले, टेम्पो गेला.

सकाळी बघते तर दहाच्या दहा एकाच तांबड्या रंगाच्या. मला तेव्हा ते छानच वाटलं. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. गावाकडच्या कोंबड्यांत एक काळी, एक कवडी, एक लालसर, एकीसारखी दुसरी नसते. या कोंबड्या मातीवर उभ्या राहून एकेक पाय वर उचलत होत्या, जणू पायाला चटका बसतोय. उकरायला एकही जाईना. संध्याकाळी दांडीवर कुणी चढली नाही, सगळ्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या.

पहिल्या आठवड्यात मिळून चार अंडी मिळाली. मग बंद. फोन केला तर म्हणाला, "ताई, थंडी बघताय ना? निफाडला पारा किती उतरलाय! कोंबडी अंगातली ऊब राखेल का अंडं देईल?" मला पटलं. त्या आठवड्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान रोज पेपरात येत होतं, द्राक्षवाले बागेत पहाटे शेकोट्या पेटवत होते. मग त्याने थंडीचं टॉनिक दिलं, एक लिटर, बाराशे रुपये. पांढरा कॅन, त्यावर ना लेबल ना तारीख. बूच उघडलं की गुळाच्या पाण्यासारखा वास यायचा.

त्यानंतर दहा दिवसांत तीन कोंबड्या गेल्या. प्रत्येक वेळी त्याचं उत्तर एकच, थंडी. आम्ही घाबरून खुराड्याला चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं, आत शंभरचा बल्ब लावला. सकाळी दार उघडलं की डोळे झोंबायचे, प्लास्टिकवर आतून पाण्याचे थेंब साचलेले असायचे.

संक्रांतीला सासूबाई दिंडोरीकडून आल्या. त्यांचा जन्म कोंबड्यांत गेलेला. उकिडव्या बसल्या, एक कोंबडी काखेत धरली आणि बोटाने तिची चोच वर केली. "अगं, हिची चोच कुणी कापली?" मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. वरची चोच मध्येच सपाट तुटलेली, खालची पुढे आलेली. मग त्यांनी पाय दाखवले. नखं लांब वाढून वळलेली, नडगीवरचे खवले जाड आणि खरबरीत. "तलंगेचे पाय कसे गुळगुळीत असतात. ही म्हातारी आहे, पोरी." बाकीच्या सहाही तशाच निघाल्या.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एका नजरेत ओळखलं, या तांबड्या लेअर आहेत, अंड्याच्या फार्मवरच्या. तिथे पिंजऱ्यात कोंबड्या एकमेकींना टोचतात म्हणून पिल्लू असतानाच चोच कापतात. पायाखाली माती नाही, म्हणून नखं झिजत नाहीत. साधारण 72 ते 80 आठवड्यांच्या झाल्या की अंडी परवडेनाशी होतात आणि अख्खं शेड रिकामं करून कोंबड्या कटिंगच्या, म्हणजे मांसासाठी कापायच्या भावात विकतात. तिथूनच कुणीतरी उचलून आम्हाला 'तलंगा' म्हणून दिल्या होत्या. दांडीवर चढणं आणि माती उकरणं त्यांनी कधी केलंच नव्हतं. लसीकरणाचा कागद मागितला नाही, ही चूक आमची.

थंडीबद्दल डॉक्टर जे बोलले ते कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं. अंगभर पिसं असलेली धडधाकट कोंबडी नाशिकची थंडी सहज काढते. अंडी कमी होतात ती मुख्यतः उजेड कमी पडल्याने. कोंबडीला अंड्यावर राहायला चौदा ते सोळा तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवसच अकरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे त्या माणसाचं बोलणं पूर्ण खोटं नव्हतं, म्हणूनच मी फसले. पण कुठलंही टॉनिक दिवस लांबवत नाही. आमच्या कोंबड्यांची मानेवरची आणि पोटाखालची पिसं पिंजऱ्याला घासून गेलेली होती. तशा अंगाने त्या उघड्यावर आल्या, आणि वरून आम्ही हवा कोंडून ओल वाढवली. थंडीपेक्षा ओल आणि विष्ठेचा कोंडलेला वास वाईट.

त्याच दिवशी प्लास्टिक काढलं. वाऱ्याच्या बाजूला फक्त गोणपाट ठेवलं, वर छताजवळ वीतभर फट मोकळी सोडली, तूस रोज खालीवर करून कोरडं ठेवलं, सकाळी कोमट पाणी, संध्याकाळी मूठभर भरडलेला मका. बाकीच्या सात जगल्या.

कोंबड्या दिवसाउजेडी बघा. चोच आणि नखं हातात धरून तपासा, सगळ्या एकाच रंगाच्या असतील तर गावरान म्हणून पैसे देऊ नका. लेबल नसलेलं औषध घेऊच नका. माझ्या बहिणीला एकाने कडकनाथ जातीच्या कोंबडीची 'काळी अंडी' दाखवली होती. कडकनाथचं मांस काळं असतं, हाडंही काळपट असतात, पण अंडं फिकट बदामी असतं. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडे याच कडकनाथच्या नावाने शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये बुडाले, तरी अजून लोक भुलतात.

फोनवरून पैसे गेले असतील तर थांबू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा. मी महिन्याने केली, तोवर त्याचा नंबर बंद झाला होता. पैसे अजून आलेले नाहीत.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, भाव आता सातशे. फोटो मात्र तोच आहे. तुळशीवृंदावनाजवळ सहा-सात रंगीबेरंगी कोंबड्या दाणे टिपताहेत, मागे निळा प्लास्टिकचा ड्रम, त्यावर वाळत घातलेली गोधडी. हा फोटो दिसला तर तिथे पैसे पाठवू नका.